खारपाणपट्ट्यातून वाचलेले एकशे सातवे स्तोत्र

नांदुरा तालुक्यातले वडनेर भोलजी हे गाव मुंबई-कोलकाता महामार्गावर, मलकापूर आणि नांदुऱ्याच्या दरम्यान आहे. महामार्गावरून जाणाऱ्याला इथली जमीन सगळी सारखीच वाटते: काळी, भारी, कपाशी-तुरीची. गाव सोडून उत्तरेला पूर्णा नदीच्या दिशेने निघाले तरी जमिनीचा रंग बदलत नाही. बदलते ते तिच्या पोटातले पाणी. विहीर खोदली तर पाणी लागते, पण त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि धुतलेले भांडे वाळले की त्यावर पांढरा थर उरतो. हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही काठांनी तो पसरला आहे. त्याचे क्षेत्र साडेचार लाख हेक्टरांच्या वर जाते.

बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांपैकी एकशे सातवे वाचायला महाराष्ट्रात याहून अवघड जागा नाही. त्या स्तोत्राच्या उत्तरार्धात देवाच्या सामर्थ्याचे वर्णन येते. तो वाहत्या नद्या आटवतो, झरे कोरडे पाडतो आणि पिकाऊ जमिनीवर मीठ आणतो. एवढ्यावर थांबले असते तर ते निसर्गाचे रौद्र चित्र म्हणून सोडून देता आले असते. पण स्तोत्रकर्ता कारणही सांगतो, आणि कारण आहे तिथल्या रहिवाशांची दुष्टाई.

मग पूर्णाकाठच्या शेतकऱ्याने कोणते पाप केले?

हा प्रश्न चुकवण्याच्या दोन वाटा आहेत आणि दोन्ही चांगल्या मळलेल्या आहेत. पहिली वाट रसिकाची. स्तोत्रांतला निसर्ग म्हणजे अलंकार, भावनेला दिलेले रंगरूप. त्यात शेतीशास्त्र किंवा न्यायनिवाडा शोधू नये, असे ती सांगते. दुसरी वाट उपदेशकाची. शब्द जसे आहेत तसे घ्यावेत, जमीन खारावली म्हणजे माणसे चुकली, पश्चात्ताप करावा, मोकळे व्हावे. पहिली वाट स्तोत्राला निरुपद्रवी करते, दुसरी त्याला निर्दय करते. स्तोत्र मात्र या दोन्ही वाटांवर नाही, आणि ते कळायला खाऱ्या जमिनीवरचा वाचक अधिक लायक आहे.

रसिकाच्या वाटेचा मोह मराठी वाचकाला विशेष पडतो. आपल्या शाळेत निसर्गकविता म्हणजे श्रावण, हिरवळ, ऊन-पावसाचा खेळ. आधुनिक मराठी ख्रिस्ती कवितेचा पायाच ज्यांनी घातला ते रेव्हरंड नारायण वामन टिळक १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मले. फुलामुलांचे कवी ही त्यांची ओळख. बालकवी काही काळ त्यांच्याच घरी राहिले. या परंपरेने मराठीला जे दिले ते थोडे नाही. पण तिच्यावर वाढलेला वाचक स्तोत्रसंहितेतही फुले-पाखरेच शोधू लागतो. तेविसाव्यातली हिरवी कुरणे त्याला पाठ असतात, एकशे चौथ्यातले पक्षी आणि देवदारू आवडतात. एकशे सातव्यातले मीठ त्याच्या नजरेतून निसटते.

ज्या भूमीत ही स्तोत्रे रचली गेली ती हिरवळीची नव्हती. यरुशलेमला वर्षाकाठी सुमारे साडेपाचशे मिलीमीटर पाऊस पडतो, तोही हिवाळ्यात. उन्हाळा पूर्ण कोरडा. डोंगराळ भागातली शेती पावसाच्या भरवशावर. अनुवाद या ग्रंथात मिसर देशाशी तुलनाच केली आहे: तिकडे पाणी देऊन भाजीचा मळा पिकवावा तसे शेत पिकते, इकडच्या डोंगरांना आकाशातून येईल तेच पाणी प्यावे लागते. यरुशलेमपासून पूर्वेला उतरले की थोड्याच अंतरावर मृत समुद्र. त्याची पातळी इतर समुद्रांहून चारशे मीटरपेक्षा खाली आणि पाण्यात जवळपास एक तृतीयांश क्षार. डोंगरावरच्या शेतकऱ्याला ओली जमीन आणि मेलेली जमीन एका दिवसाच्या चालीत दिसत होती. त्याच्या कवितेत पाणी आणि मीठ आले ते सजावटीसाठी आले नाही. मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या वऱ्हाडी माणसाला हे वेगळे सांगायला नको.

आता स्तोत्राची बांधणी. स्तोत्रसंहितेचे पाच भाग पाडलेले आहेत. पाचव्या भागाची सुरुवात या एकशे सातव्याने होते. आरंभीच पूर्व, पश्चिम, उत्तर अशा दिशा-दिशांतून गोळा केलेल्या लोकांचा उल्लेख आहे, म्हणून पुष्कळ अभ्यासक ते बाबेलच्या बंदिवासानंतरचे मानतात. मग चार प्रकारची माणसे येतात. वाळवंटात वाट चुकलेली, उपाशी-तान्हेली. अंधारकोठडीत बेड्या ठोकलेली. आजाराने अन्न नकोसे झालेली. आणि वादळात सापडलेली जहाजावरची. चौघांच्या कथेला एकच पालुपद: संकटात त्यांनी हाक मारली, त्यांची सुटका झाली, आता त्यांनी आभार मानावेत. या चार कथा संपल्यावर सूर एकदम बदलतो आणि नद्या, झरे, खारी जमीन सुरू होते. हा शेवटचा भाग मागाहून जोडला असावा असे काहींचे म्हणणे आहे. असेलही. पण जोडणाऱ्याने तो नेमका इथे का जोडला, हा प्रश्न राहतोच.

बाबेल लक्षात घेतले की उत्तराचा एक धागा मिळतो. इसवीसनपूर्व ५८७-५८६ च्या सुमारास यरुशलेम पडले आणि यहुदी मोठ्या संख्येने युफ्रेटिस-तैग्रिसच्या खोऱ्यात नेले गेले. तो कालव्यांचा मुलूख. एकशे सदतिसाव्या स्तोत्रातले विलापही त्या पाण्यांच्याच काठी होतात. त्या खोऱ्याच्या शेतीबद्दल थॉरकिल्ड जेकबसेन आणि रॉबर्ट ॲडम्स यांनी १९५८ मध्ये एक गाजलेला निबंध लिहिला. शतकानुशतके कालव्याचे पाणी देत राहिल्याने आणि निचरा न झाल्याने दक्षिण मेसोपोटेमियाची जमीन खारावली, गव्हाची जागा हळूहळू क्षार सोसणाऱ्या जवाने घेतली, असे त्यांनी मांडले. त्यातल्या तपशिलांवर पुढे वाद झाले. तरी एवढे खरे की सम्राटांच्या अफाट सिंचनाच्या देशात मिठाने पांढरी पडलेली शेते होती आणि बंदिवानांच्या वस्त्याही त्याच देशात होत्या. सुपीक जमीन माणसाच्या करणीने मिठागर होऊ शकते ही त्यांच्यासाठी कविकल्पना नव्हती.

मात्र कोणाच्या करणीने? इथे उपदेशकाची वाट तपासावी लागते.

सुपीक भूमी खारी होण्याची बायबलमधली मूळ कथा सदोमची. उत्पत्तीच्या ग्रंथात यार्देनचे खोरे आधी भरपूर पाण्याचे, देवाच्या बागेसारखे वर्णिले आहे. नंतर गंधक, आग आणि मिठाचा खांब. एकशे सातव्या स्तोत्राचा श्रोता पिकाऊ जमिनीवर मीठ हे शब्द ऐकताच सदोमकडे वळणार हे उघड आहे. आणि सदोमचे पाप काय होते? यहेज्केल संदेष्टा ते नाव घेऊन सांगतो: गर्व, पोटभर अन्न, निश्चिंत सुख, आणि एवढे असून दीनदुबळ्याला हात न देणे. म्हणजे ज्यांच्यामुळे जमीन खारावली ते भरल्या पोटाचे लोक होते. विहिरीच्या खाऱ्या पाण्यात डाळ शिजवायची धडपड करणारी बाई त्या यादीत कुठेच बसत नाही.

स्तोत्र पुढे वाचले तर हे आणखी स्पष्ट होते. खाऱ्या जमिनीनंतर लगेच उलटा फेरा आहे. वाळवंटाचे तळे होते, कोरड्या भूमीला पाझर फुटतात, आणि तिथे कोणाला वसवले जाते, तर भुकेल्यांना. ते गाव वसवतात, शेते पेरतात, द्राक्षमळे लावतात, त्यांची गुरेढोरे कमी होत नाहीत. मग पुन्हा घसरण: जुलूम, विपत्ती, शोक. आणि यानंतर सरदार-अधिपतींवर तिरस्कार ओतला जातो, त्यांना वाट नसलेल्या रानात भटकत ठेवले जाते, तर गरिबाला उचलून त्याचे कुटुंब कळपासारखे वाढवले जाते. गंमत पाहा. पहिल्या कथेत वाट चुकून रानात भटकत होते ते उपाशी लोक. शेवटी त्याच रानात भटकताहेत सत्ताधारी. भूगोल तोच, माणसांची अदलाबदल झाली आहे. वाळवंट, झरा, मीठ आणि गाव या चार खुणांनी कवीने सत्तेचा हिशेब मांडला आहे.

अधिपतींच्या त्या ओवीबद्दल आणखी एक. हिब्रू हस्तलिखितांत या स्तोत्राच्या काही ओव्यांपाशी 'नून' हे अक्षर उलटे काढलेले आढळते, आणि त्यांत अधिपतींची ओवीही आहे. जुन्या नकलनविसांनी ही खूण का केली यावर एकमत नाही. ओळखीची गोष्ट वेगळीच आहे: ती ओवी ईयोबाच्या ग्रंथातल्या बाराव्या अध्यायातली वचने जुळवून केलेली आहे. ईयोब म्हणजे कोण? निर्दोष असून ज्याच्यावर आपत्ती कोसळली आणि ज्याचे मित्र त्याला, तुझेच काही पाप असणार, असे सांगत बसले तो. त्या ग्रंथाच्या शेवटी देव त्या मित्रांनाच खोटे ठरवतो. ज्या कवीने ईयोबाचे शब्द आपल्या स्तोत्राच्या कळसाला घेतले, तोच कवी दुःखी माणसाला पापी ठरवायला निघाला असेल हे पटत नाही.

मिठाचा आणि दुष्टाईचा संबंध लावायला बुलडाणा जिल्ह्याला बायबलची गरजही नव्हती. लोणारचे सरोवर याच जिल्ह्यात आहे. बेसाल्ट खडकावर उल्का आदळून झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आणि त्याच्या तळाशी खारे, अल्कधर्मी पाणी. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झाले तेव्हा देशभर बातम्या झाल्या. क्षारात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे तपासणीत दिसले. त्याच वर्षी त्याला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. विवराच्या काठावर गोमुखातून गोड पाण्याची धार पडते आणि खाली खारे तळे, म्हणजे स्तोत्रकर्त्याला हवे ते दोन्ही एकाच नजरेत. लोणारच्या लोककथेत हे सगळे लवणासुरामुळे झाले. तो लोकांना छळत होता, विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपाने त्याला मारले, आणि त्या नावाचे देखणे मंदिर गावात उभे आहे. इथेही मीठ दुष्टाचेच आहे. पण दुष्ट कोण, याबद्दल कथा जराही गोंधळत नाही. ज्याच्यावर छळ झाला त्या गावाला ती दोष देत नाही, छळणाऱ्याला देते. लोककथेला जे सहज कळले ते धर्मग्रंथाच्या वाचकाला कळू नये हे आश्चर्य आहे.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे माणसाची काहीच चूक नाही, सगळे राजे-सरदारांवर ढकलून दिले की झाले. तसेही नाही. याच महाराष्ट्रात स्तोत्रातले शब्द ज्याला अक्षरशः लागू पडतात असा मुलूख आहे, पण तो विदर्भात नाही. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णा-वारणेच्या काठी, शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांत हजारो एकर जमीन उसाला पाटाने भरमसाट पाणी पाजल्याने आणि निचऱ्याची सोय नसल्याने क्षारपड झाली आहे. मुळात ती सोन्यासारखी पिकत होती. तिथे दोष अनेकांचा आहे: पाणी मोजून न देणाऱ्या व्यवस्थेचा, फक्त उसाला निश्चित गिऱ्हाईक देणाऱ्या अर्थकारणाचा, आणि शेतकऱ्याचाही. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून क्षार धुऊन काढण्याचे काम गेली काही वर्षे चालले आहे आणि मेलेल्या शेतांत पुन्हा पीक उभे राहिले आहे. तिथल्या चर्चमध्ये हे स्तोत्र वाचून कोणी अंतर्मुख झाले तर ते योग्यच होईल.

पूर्णेची गोष्ट वेगळी. इथले खारेपण कोणी पाणी जास्त दिल्याने जन्मले नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधल्या खोलगट भागात प्राचीन काळापासून साचत गेलेला गाळ. त्या गाळात अडकलेले क्षार आणि पाण्याचा मंद निचरा, हे त्याचे मूळ. पूर्णा पुढे चांगदेवला तापीला मिळते, पण पोटातले मीठ नदीबरोबर जात नाही. इथला शेतकरी फार तर एवढेच करतो, की पावसाने दडी मारली आणि उभी तूर वाळायला लागली की नाइलाजाने बोअरचे खारे पाणी देतो. दोन-तीन वर्षे असे झाले की जमीन चोपण होते. वरून पाऊस पडला तरी पाणी आत मुरत नाही, पाय ठेवला की चिखल, उन्ह पडले की दगड. मग जिप्सम टाका, शेणखत टाका, हिरवळीचे खत गाडा. हे सगळे कृषी विद्यापीठ सांगते आणि बरोबर सांगते, फक्त त्याला पैसे लागतात.

तरीही दोष शेतकऱ्याचाच निघतो, आणि हा दोष देणारे सगळे धर्मगुरू नसतात. शेततळे का केले नाही, खारे पाणी का दिले, कर्ज का काढले, कपाशीच का लावली: हे प्रश्न प्रशिक्षणाच्या मांडवात, बँकेच्या काउंटरवर आणि दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत विचारले जातात. उपदेशकाची वाट अशी देवळाबाहेरही बरीच लांब गेली आहे. ईयोबाचे मित्र आता आकडेवारी घेऊन येतात, एवढाच फरक.

स्तोत्रातला उलटा फेरा, म्हणजे कोरड्या जमिनीवर तळे, हा इथे चमत्कार नाही. पावसाचे गोडे पाणी शेतातच अडवून ठेवायचे आणि ऐन ताणाच्या वेळी एक-दोन पाळ्या द्यायच्या, हा उपाय अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने कधीचा पुढे ठेवला आहे. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात दुष्काळी गावांबरोबर खारपाणपट्ट्यातली शेकडो गावेही घेतली गेली. जिथे तळी झाली तिथे हरभऱ्याला पाणी मिळाले. मोठ्या तळ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. नांदुरा तालुक्यातच पूर्णेवर जिगाव धरणाचे काम गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून चालू आहे. सुरुवातीचा अंदाज चारशे कोटी रुपयांच्या आतला होता. तो वाढत वाढत कित्येक हजार कोटींवर गेला. बुडिताखाली जाणाऱ्या गावांचे पुनर्वसन रखडत आले आहे. ज्यांना गाव सोडायचे आहे त्यांना नवे घर वेळेवर मिळत नाही, आणि ज्यांना पाणी मिळायचे आहे त्यांना पाणी.

स्तोत्र इथे आश्चर्यकारकरीत्या व्यवहारी निघते. पाण्याचे तळे झाले एवढ्यावर ते खूश होत नाही. तळ्यानंतर वसलेले गाव, गावानंतर पेरलेले शेत, शेतानंतर हातात आलेले पीक, असा क्रम ते सांगते, आणि या क्रमाचा पहिला धनी भुकेला माणूस आहे. पाणी अडवले, पण भुकेला बेघर झाला, तर स्तोत्राच्या मोजमापात ते काम अपुरे.

वऱ्हाडातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना हे स्तोत्र परके वाटायचे काही कारण नाही. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनने अकोला आणि खामगावात अनाथ मुलामुलींना आसरा दिला. या भागातल्या कित्येक कुटुंबांचा ख्रिस्ती इतिहास तिथूनच सुरू होतो. स्तोत्रातले पहिले पथक, उपाशी-तान्हेले, वाट चुकलेले, ही त्यांच्या पणज्या-पणजोबांचीच गोष्ट आहे. दुष्काळात मुले मेली ती त्यांच्या पापाने मेली, असे त्या अनाथाश्रमात कोणी म्हणाले असते तर त्याला बाहेर काढले असते. मग खाऱ्या विहिरीबद्दल, किंवा खारपाणपट्ट्यातल्या गावागावांतून येणाऱ्या मूत्रपिंडाच्या आजाराच्या तक्रारींबद्दल, तसे का म्हणावे?

या निष्कर्षावर एक आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करावा लागतो. स्तोत्रात रहिवाशांची दुष्टाई असेच म्हटले आहे, फक्त राजांची असे म्हटलेले नाही. सदोमचे श्रीमंतही रहिवासीच होते, हे उत्तर अर्धेच पुरते. कारण जमीन खारावली की गरिबाचीही खारावते, मीठ सातबारा पाहून उतरत नाही. स्तोत्रकर्त्याला हे ठाऊक असावे. म्हणूनच तो दोषाच्या ओवीवर थांबत नाही, तिथून भुकेल्याच्या वस्तीपर्यंत आणि अधिपतींच्या भटकंतीपर्यंत येतो, आणि शेवटी शहाण्याने या सगळ्याकडे नीट लक्ष द्यावे असे सांगतो. सगळ्याकडे, एका ओवीकडे नव्हे. चौतिसावी ओवी एकटी उचलून खारपाणपट्ट्यात वाचणे हे स्तोत्राचे वाचन नव्हे, गैरवापर आहे.

कापणीच्या सणाला आपल्याकडच्या चर्चमध्ये ज्वारीची कणसे, तूर, भाजीपाला वेदीपुढे येतो, मग त्याचा लिलाव होतो, आणि उपकारस्तुतीची स्तोत्रे म्हटली जातात. मलकापूर, नांदुरा, खामगाव या पट्ट्यातल्या मंडळ्यांनी यंदा तिथे एकशे सातवे घ्यावे, तेहतिसाव्या ओवीपासून त्रेचाळिसाव्यापर्यंत, मधली एकही न गाळता. आणि वाचन झाल्यावर बोलायला पूर्णाकाठचा एखादा शेतकरी उभा करावा.